सूज उतरली, मुलगी घरातच राहिली

माझ्या पाच वर्षांच्या मुलीचं तोंड सुजलं, तेव्हा तिनं अंग धरलं असं समजून मी ऑफिसात पेढे वाटले.

नुसते पेढे वाटून थांबलो असतो तरी थोडी इज्जत राहिली असती. पण मी त्याचं कारणही शोधून काढलं होतं. आम्ही राहतो तेलंगणात, आदिलाबादजवळच्या इचोड्याला. तिथल्या बाजारात एक माणूस मुलांच्या ताकदीचं चूर्ण विकायचा, ते मी मुक्ताला दुधातून देत होतो. मुलगी जन्मापासून काटकुळी. आता गाल वर आले, पाय भरले, फ्रॉक पोटावर ताठ बसायला लागला. मी तहसील ऑफिसातला कारकून, कागदावर शिक्का दिसला की विश्वास ठेवायची सवय; चूर्णाच्या डब्यावर तर दोन शिक्के होते. मी ऑफिसातल्या दोघांना ते घ्यायला लावलं. त्यातला एक तर निवृत्तीला आलेला होता, त्यानं स्वतःसाठीच घेतलं.

माझी बायको सुनंदा रोज सकाळी म्हणायची, "हे पोट्टी उठते तं डोळे उघडत नाही तिचे. हे काय अंग धरनं हाय?"

मी म्हणायचो, "तू पोरीले नजर लावू नको."

एका रविवारी मुक्ता माझ्या मांडीवर पाय टाकून पडली होती. मी लाडानं तिची नडगी दाबली. अंगठा उचलला तर खड्डा तसाच. अंगठ्याचे ठसे घेण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली, पण असा ठसा मी कधी पाहिला नव्हता. तो भरून येईना. मुक्ता त्याच्याकडं कौतुकानं पाहत म्हणाली, "बाबा, अजून एक करा नं."

दवाखान्यात

दुसऱ्या दिवशी मुक्ताला आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं मुलांच्या डॉक्टरबाई होत्या. त्या तेलुगू, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायच्या. त्यांनी मुक्ताच्या पापण्या पाहिल्या, पोट पाहिलं, लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "बच्ची मोटी नहीं हुई. सूजी है. किडनी से प्रोटीन गिर रा, इसलिए बदन में पानी भर गया."

अशा वेळी बापानं काय विचारावं? मी विचारलं, "मॅडम, चूर्ण चालू रखना क्या?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सुनंदाकडं पाहिलं. सुनंदानं पिशवीतून तो डबा काढला आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. आजार चूर्णानं झाला नव्हता, हे बाईंनी नंतर सांगितलं. पण चूर्णाच्या भरवशावर मी जे दिवस घालवले, ते त्यांनी केसपेपरवर मोजून लिहिले. 

ज्यांच्या घरी हे नवीन आलंय, त्यांच्यासाठी इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो. 'किडनी' हा शब्द ऐकल्यावर माणसाचे कान बंद होतात. बाई सांगत होत्या की बहुतेक मुलं गोळ्यांनी सुधारतात, आजार मधून मधून, साध्या सर्दीनंही, उलटतो, मोठं होता होता कमी होत जातो. मी फक्त 'उलटतो' एवढंच ऐकलं. त्या बोलत होत्या तोवर मी मनातल्या मनात माझी एक किडनी काढून दिली होती, ती जुळली नव्हती, आणि मी व्हरांड्यात रडत होतो. सुनंदानं मात्र गोळ्या कधी, किती, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारून घेतलं. तेव्हा जमलं तर दोघं जा. एकानं घाबरावं, दुसऱ्यानं ऐकावं.

उप्पु वद्दु

वॉर्डात सकाळ व्हायची ती वजनानं. मग लघवी काचेच्या मापात धरायची, किती झाली ते सिस्टरला सांगायचं, मग बिनमिठाचं जेवण. सिस्टर खाटेखाटेवरून बोट नाचवत जायची, "उप्पु वद्दु! उप्पु वद्दु!" म्हणजे मीठ नको. मुक्तानं त्यातला एक शब्द उचलला. गोळी आली, वद्दु. सुई आली, वद्दु. बाप आला, तरी वद्दु. आमच्या मराठी शाळेत तेलुगूचा तास असतो. आमची मुलगी शाळेत जायच्या आधीच तेलुगूत भांडायला शिकली.

बिनमिठाचा भात पाहून ती तोंड फिरवायची. तीच ओरडणारी सिस्टर एका दुपारी स्वतःच्या डब्यातलं लिंबू घेऊन आली. भातावर पिळलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "अब देखो." मुक्तानं ताट पुसून खाल्लं. मी त्या बाईला आजवर किती वेळा मनातून नमस्कार केला असेल. तेव्हा मात्र मी विचारलं होतं, "सिस्टर, लिंबू चलता क्या?" तिनं उरलेलं अर्धं लिंबू माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "आप चूसो."

आठवडा उलटला तशी सूज उतरली. गालाखालून पुन्हा ती काटकुळी मुलगी निघाली. ती इतकी बारीक होती, हे मी विसरून गेलो होतो.

घरी

घरी आल्यावर खरी परीक्षा, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. त्या गोळ्यांनी भूक भडकते आणि राग नाकावर येतो. आमची शांत मुलगी भांडी फेकायला लागली. चावायला लागली. एकदा तिनं नऊ वर्षांच्या भावाचं, ओंकारचं, चित्र टराटरा फाडलं. तो रडत आला तर मीच त्याच्यावर खेकसलो, "ते बिमार हाय, समजत नाही का तुले?"

'ते बिमार हाय' हा आमच्या घरचा कायदा झाला. तिला पाहिजे ते द्यायचं. तिनं मारलं तर हसायचं. टीव्हीचा रिमोट तिचा, खिडकीची जागा तिची, आई तर तिचीच. घरात कोणाच्याच भाजीत मीठ नको, हे फर्मान मी काढलं. कुटुंबानं एकत्र सोसायचं, असं लांबलचक भाषणही दिलं. आणि संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या रांगेत उभा राहून मी मिरची भजी खायचो. हे ओंकारनं पाहिलं. त्यानं चहाडी केली नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, मले पण एक."

भजं खाता खाता त्यानं विचारलं, "मले काऊन नाही होत हे?"

"काय?"

"मुक्ताले झालं ते. जास्त नाही, एखादा महिना."

मी माझ्या हातातली मिरची त्याच्या कागदावर ठेवली. पोराला आजार हवा होता. कारण आमच्या घरात तेवढाच एक रस्ता आईबापांपर्यंत जात होता. त्यानंतर सुनंदानं रोज शाळेतून आल्यावरचा थोडा वेळ ओंकारला दिला. त्या वेळात मुक्तानं कितीही आकांत केला तरी ती उठायची नाही. मी उठायचो. सुनंदा मला दटावायची, "बसा खाली. रडन तं रडन. बिमारी किडनीत हाय, लाडात नाही." मी बसायचो, पण अर्धाच.

बेज्जूर

त्याच दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. लोकांनी नव्या जिल्ह्यांच्या ठिकाणी फटाके उडवले. आम्ही कारकून मंडळी भिंतीवरच्या यादीत आपलं नाव कुठल्या जिल्ह्यात गेलं ते बोटानं शोधत होतो. माझं बोट थांबलं ते बेज्जूरवर. प्राणहिता नदीकडचा, जंगलातला मंडल, म्हणजे तिकडचा छोटा तालुका. सकाळी निघालेला माणूस दिवस बुडता बुडता पोचायचा.

आमच्या लोकांना हे नवीन नाही. निजामाचं हैदराबाद संस्थान संपलं, मग भाषेवर राज्यं झाली आणि आम्ही आंध्रात गेलो, मग तेलंगण वेगळं झालं. माझे आजोबा एकाच घरात बसून तीन राज्यांत राहिले. पण त्यांना कोणी उठून बेज्जूरला जा म्हटलं नव्हतं.

रोज सकाळी मुक्ताची लघवी काचनळीत घेऊन तापवायची असायची. स्वच्छ राहिली तर ठीक. दुधासारखी पांढरी झाली तर आजार उलटला. हे काम सुनंदा करायची आणि मी फोनवरून विचारायचो. बेज्जूरला फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, आणि तोही ओरडल्याशिवाय नाही. तेव्हा रोज सकाळी मी टाकीवर चढून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा गर्जायचो, "लघवी पांढरी झाली का? अवो, लघवी!"

लोकांना आधी वाटलं, नवीन सारला, म्हणजे साहेबाला, काही रोग आहे. टाकीखालच्या चहावाल्यानं एकदा हळूच विचारलंही, "सार, डॉक्टर को दिखाए क्या?" मी सगळं सांगितलं. त्यानंतर मी खाली उतरलो की तो पहिलं विचारायचा, "पापा कैसी है आज?" तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. मी मान हलवून ठीक म्हटलं की तो चहा पुढं करायचा. ऑफिसात अर्ज घेऊन आलेले लोकसुद्धा आधी पापाची चौकशी करायचे. माझ्या मुलीला कधीच न पाहिलेलं ते गाव रोज सकाळी माझ्या चेहऱ्याकडं पाहायचं. त्या परक्या मुलखात मला एवढा आधार होता.

थंडीत एका सकाळी सुनंदा म्हणाली, "पांढरी झाली."

मी टाकीवरून ओरडलो, "तू तिले लग्नात नेलं असशील! कोनाच्या तरी शिंकेत नेलं असशील!"

पलीकडून ओंकार बोलला, "आई दवाखान्याची पिशवी भरून राहिली."  

माझं राज्य

मुक्ता पुन्हा भरती झाली, पुन्हा गोळ्या वाढल्या, पुन्हा बरी झाली. मी अर्ज, विनंत्या, साहेबांच्या पायऱ्या असं सगळं करून उन्हाळ्यात बदली मिळवली आणि गुडीहत्नूरला आलो, म्हणजे घरून रोज जाता येईल अशा ठिकाणी. आणि घरात माझं राज्य सुरू झालं. शाळा नाही. झोपाळा नाही. शेजारची मुलं नाहीत. कोणी घरात आलं तर मुक्तानं आधी विचारायचं, "तुमाले सर्दी हाय का?" आणि मग जवळ जायचं.

जून महिन्यात बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "अच्छी है. स्कूल भेजो. खेलने दो." त्या वेळी सुनंदा बाहेर औषधांच्या रांगेत होती. बाहेर येऊन मी तिला सांगितलं, "बाई म्हन्ते, शाळा सध्या राहू द्या. दिवाळीनंतर पाहू."

का खोटं बोललो? मला त्या सकाळची भीती बसली होती. काचनळी पांढरी होण्यापेक्षा मुलगी घरात बसलेली बरी, असं मला वाटायचं. आणि ती बसली. एवढी छान बसली की मला अभिमान वाटायचा. पळायची नाही, ओरडायची नाही. पाणी प्यायच्या आधी विचारायची, पिऊ का? अंगणात जायच्या आधी विचारायची, जाऊ का? बाहुल्यांना खाटेवर झोपवायची आणि वजन करायची. सहाव्या वर्षी तिला एकही मैत्रीण नव्हती, आणि मला वाटत होतं, मुलगी किती समजदार झाली.

घरातला तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकाचे लाकडी बैल सजवतात, ओढत घरोघर नेतात, लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ-पैसा देतात. आमच्या गल्लीत मराठी घरं थोडी, पण बैल ओढायला तेलुगू मुलंही येतात. मुक्तासाठी सुनंदानं बैलाला झूल शिवली होती.

मी म्हटलं, बाहेर गर्दी, कोणी काय खायला देईल. आपण घरातच करू. आणि मी केला. घराला जेवढी दारं तेवढी घरं. पुढच्या दारात मी पाटील झालो, डोक्याला उपरणं. स्वयंपाकघराच्या दारात कापडवाला सेठ, हिंदीतून. मोरीच्या दारात तेलुगू सार, गॉगल लावून. मुक्तानं बैल ओढत यायचं, मी बोजारा द्यायचा, मग मागून पळत जाऊन पुढच्या दारात उभं राहायचं. मला वाटत होतं, असा बाप जगात नाही. मोरीत मी घसरलो तेव्हा ओंकार पोट धरून हसला.

मुक्ता हसली नाही. ती पाटलाच्या दारात थांबली. बैलाची दोरी घट्ट धरून मला म्हणाली, "पाटील, तुमच्या घरी कोनी बिमार हाय का? मंग मी येत नाही."

तेवढ्यात बाहेरून खरी मुलं गेली. चाकांची खडखड, घुंगरं, आरडाओरडा. मुक्ता खिडकीशी गेली, फ्रॉकनं नाकतोंड झाकलं, आणि तशीच उभी राहून पाहत राहिली. एका मुलीनं हात हलवला. मुक्ता खाली बसली, दिसू नये म्हणून.

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "तो गॉगल काढा." आणि मग, "या वेळी तपासाले मी बी आत येईन."

बाईंच्या समोर

बाईंनी मुक्ताला जवळ घेतलं आणि विचारलं, "स्कूल में क्या सिखाए?"

मुक्तानं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे उत्तर देऊ का, असं विचारत होती.

सुनंदा म्हणाली, "मॅडम, आपने बोले ना, दिवाली के बाद."

"मैं? मैं तो जून में-ईच बोली थी, भेजो."

मी छताच्या पंख्याकडं पाहायला लागलो. बाईंनी चष्मा काढला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बीमारी मैं देख लूंगी. सर्दी होगी, फिर से उलटेगी, फिर ठीक करेंगे. लेकिन बच्ची को बड़ा कौन करेगा? ये तो पूछ के सांस ले री."

परतीच्या बसमध्ये सुनंदानं मुक्ताला आमच्या मधे झोपवलं. मग खिडकीकडं तोंड ठेवूनच बोलली.

"डॉक्टरच्या नावानं खोटं सांगितलं तुमी."

"भेव वाटलं मले."

"मले नाही वाटत? रोज सकाळी ते नळी मी धरत होती. उजेडात धरून चार-चारदा पाहो. तुमी टाकीवरून लघवी विचारत होते. मी कशी हाय, एका दिवशी तरी विचारलं?"

मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही. बेज्जूरच्या चहावाल्यानं माझी जेवढी चौकशी केली, तेवढी मी माझ्या बायकोची केली नव्हती. बसमध्ये मुक्ता मधे झोपली होती, म्हणून मला सुनंदाचा हातही धरता आला नाही. मी एवढंच म्हणालो, "उद्या शाळेत नेऊ." ती म्हणाली, "नेऊ नाही. ते आपल्या पायानं जाईन."

आता

त्यानंतरही आजार एकदा उलटला, पावसाळी सर्दीनं. बाई म्हणाल्या तसंच झालं. गोळ्या वाढल्या, उतरल्या, मुलगी पुन्हा शाळेत गेली. काचनळी आजही सकाळी तापते. आता एक दिवस सुनंदा धरते, एक दिवस मी. मीही ती चार-चारदा उजेडात धरून पाहतो, आणि ते तिला दिसतं, याचं बरं वाटतं. हट्टाला आम्ही आता दोघंही नाही म्हणतो, एका आवाजात. मी थोडा मागून म्हणतो, पण म्हणतो. आणि बाई जे सांगतील ते दोघांनीही ऐकल्याशिवाय आम्ही तिथून उठत नाही. नव्यानं या वाटेला लागलेल्या आईबापांना मी एवढंच सांगू शकतो. बाकी चुका तुम्ही तुमच्या कराल.

शाळेचा पहिला दिवस मात्र लिहायचा राहिला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ओंकारनं तिचं दप्तर घेतलं, मी पाण्याची बाटली, डबा, रुमाल, औषधाची चिठ्ठी. ती वर्गात बसली. मी खिडकीबाहेर उभा राहिलो. वर्गाच्या बाईंना म्हटलं, हिला पंख्याखाली नका बसवू. शेजारच्या मुलीला विचारलं, तुला खोकला तर नाही? लघवीच्या सुट्टीचं विचारलं. मधल्या सुट्टीत डबा उघडून पाहिला. मुलं पळायला लागली तशी मुक्ता पायरीवर येऊन उभी राहिली. एक पाय खाली टाकला, मग माझ्याकडं पाहिलं. मी लगेच पुढं झालो, "हळू हं. दम लागला तं सांग. डोकं दुखते का?"

तिनं तो पाय परत वर घेतला.  मग पहिल्यांदाच काही न विचारता बोलली.

"बाबा, तुमी घरी जा. तुमी असले तं मले बिमार असल्यासारखं वाटते."